जुनी रिमोट चावी दुसऱ्या गाडीला चालते का? वाचकांचे प्रश्न

जुन्या बाजारातून माझ्याच मॉडेलची रिमोट चावी घेतली. चावीवाल्याने माझ्या गाडीचं पातं बसवून दिलं. दार उघडतं, पण इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. तो म्हणतो, चिप लॉक आहे. हे खरं का?
– एक वाचक, सांगली

खरं आहे. एकाच कव्हरात तीन वेगळ्या वस्तू असतात: कुलूप फिरवणारं पातं, बटणांचा रिमोट आणि इमोबिलायझरची, म्हणजे चुकीच्या चावीने इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची चिप. पातं जुळलं म्हणून चिप जुळत नाही.

या चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवती एक कॉइल असते. तिच्यातून निघणाऱ्या, साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरींवरच ती जागी होते. गाडी तिला एक आकडा पाठवते, चिप आपल्याजवळच्या गुप्त संकेतावरून उत्तर काढून परत देते. उत्तर चुकलं की इसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंजिन बंद करतो. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर कारण हेच.

कोरी चिप पहिल्यांदा नोंदवताना बऱ्याच गाड्या आपला गुप्त संकेत तिच्यात लिहितात आणि ती जागा कुलूपबंद करतात. भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर घेता येत नाही, तसं मग त्या चिपचं होतं. दुसरी गाडी तिच्यात काही लिहू शकत नाही. काही जुन्या गाड्यांत मात्र चिपमध्ये फक्त एक न बदलणारा क्रमांक असतो आणि गाडीच तो लक्षात ठेवते. अशी वापरलेली चिप दुसऱ्या गाडीत नोंदवता येते.

तुमच्या चावीत चिप वेगळी बसवलेली असेल तर काम सोपं आहे: त्याच जातीची नवी चिप बसवा आणि गाडीत नोंदवून घ्या. ती रिमोटच्या बोर्डावरच असेल, तर काही प्रकारच्या चिप खास यंत्राने पुन्हा कोऱ्या करता येतात, सगळ्या नाही. रिमोट अनेकदा वेगळा जोडावा लागतो. काही गाड्यांत इग्निशन ठरावीक वेळा चालू-बंद करून, काहींत स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लावून. म्हणून वापरलेल्यात फक्त कव्हर घ्यावं, इलेक्ट्रॉनिक भाग कोराच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. जुनाच घ्यायचा असेल तर 'नाही चालला तर परत घेऊ' हे बिलावर लिहून घ्या.

भाऊ न्यू जर्सीहून येताना माझ्या मॉडेलची वापरलेली स्मार्ट की (खिशात ठेवून पुश बटणाने गाडी सुरू करायची चावी) आणतोय. इथे कोडिंग, म्हणजे गाडीत नोंदणी, होईल का?
– एक वाचक, ठाणे

आणायला सांगण्याआधी तिच्या मागे छापलेली फ्रिक्वेन्सी बघायला सांगा. अमेरिकेतल्या बऱ्याच चाव्या ३१५ मेगाहर्ट्झवर चालतात, आपल्याकडच्या बहुतेक ४३३.९२ वर. हा फरक रेडिओच्या सर्किटमध्येच असतो, कोडिंगने तो बदलत नाही. फ्रिक्वेन्सी आणि पार्ट नंबर दोन्ही जुळले तरी वर सांगितलेला लॉक उरतोच. मी असतो तर आणायला सांगितलं नसतं.

सेकंड हँड गाडी घेतली, चावी एकच मिळाली. आधीचा मालक म्हणतो, दुसरी हरवली. काळजी करावी का?
– एक वाचक, नाशिक

हो, आणि लगेच. हरवलेली चावी गाडीच्या स्मृतीत अजून नोंदलेली आहे. ती ज्याच्या हाती आहे तो गाडी सुरू करू शकतो. बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावला की किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते दिसतं. तो आकडा तुमच्यासमोर काढायला लावा.

मग सगळ्या जुन्या नोंदी पुसून, हातात असलेली चावी आणि एक नवी चावी अशा दोनच नोंदवून घ्या. जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. जी तिथे नसेल तिची नोंद पुसली जाईल. हरवलेल्या चावीचं पातं दार तरीही उघडेल, इंजिन मात्र सुरू होणार नाही. दाराचीही धास्ती असेल तर कुलूप बदलावं लागेल.

दुसरी चावी आताच करून घ्या. एक चावी चालू असताना हे काम बरंच सोपं असतं; सगळ्या हरवल्या की वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते, म्हणून चावी हरवल्याची पोलिसांत नोंद करून तिची प्रत ठेवा आणि मालकाकडून एकच चावी मिळाल्याचं लिहून घ्या. आरसी आणि ओळखपत्र न विचारता जो चावी बनवून देतो, तो दुसऱ्यालाही तुमच्या गाडीची तशीच देईल. तिथे जाऊ नका.

रिमोटची बॅटरी संपली तर कोडिंग पुसलं जातं का?
– एक वाचक, रत्नागिरी

चिपमधलं कोडिंग पुसलं जात नाही. बऱ्याच रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल असतो; नवा घाला. पुश बटणाच्या गाडीत तोवर चावीच स्टार्ट बटणाला टेकवून बघा. काही मॉडेलमध्ये ती टेकवायची जागा वेगळी असते, गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.