पोरीला प्लास्टिकवाल्या कंपन्यांशी भांडायचंय, बाबांना बँकेची नोकरी पाहिजे

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पोरगी बीएस्सी केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला, तुम्ही बँकेच्या परीक्षेचा क्लास लावून दिला अन् ती म्हणते मला समुद्रात प्लास्टिक ओतणाऱ्या मोठ्या कंपन्यांविरुद्ध काम करायचंय. तुमचा प्रश्न असा की नागपुरात समुद्र कुठून आला, यात पोट भरतं का, आणि उद्या कंपनीनं केस टाकली तर?

समुद्राचं आधी. आपल्या नागपूरच्या नंदनवन भागातल्या नाल्यात पडलेली पन्नी नाग नदीत जाते, नाग पुढे कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा-वर्धा मिळून प्राणहिता, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. सगळंच पोचत नाही, बरंचसं काठाला अडकतं, गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात थांबतं, पण रस्ता तोच आहे. त्यामुळे पोरीला कामासाठी मुंबईलाच गेलं पाहिजे असं काही नाही.

आता ती ज्या कामाबद्दल बोलतेय ते नक्की काय असतं हे तुम्हा दोघांनाही थोडं चुकीचं वाटतंय असं मला दिसलं. तुम्हाला वाटतं मोर्चे, तिला वाटतं मोर्चे आणि रील्स. खरं काम बरंचसं कंटाळवाणं असतं. काठावरचा कचरा गोळा करायचा, रॅपर सरळ करून कोणत्या कंपनीचं ते वाचायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं, याला ब्रँड ऑडिट म्हणतात. जगभरातल्या अशा पाच वर्षांच्या नोंदी एकत्र करून 2024 मध्ये एक मोठा अभ्यास आला, 84 देशांतले 18 लाखांहून जास्त तुकडे, आणि त्यात निम्म्याहून जास्त तुकड्यांवर नावच वाचता येत नव्हतं, पण ज्यांच्यावर होतं त्यातला अर्ध्याहून जास्त माल फक्त 56 कंपन्यांचा, एकट्या कोका-कोलाचा 11 टक्के. हा आकडा कंपन्यांना जास्त झोंबतो, घोषणा नाही. (आपल्याकडे केलं तर बिननावाच्या ढिगात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पन्न्याच पन्न्या निघतील, ते पण लिहावंच लागेल, आपल्या गैरसोयीचं वगळायचं नाही.)

दुसरा भाग कायद्याचा आणि मला विचाराल तर खरी जागा इथेच आहे. 1 जुलै 2022 पासून देशात स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, प्लेटा असल्या वस्तूंवर बंदी आली, दंड बसतो तो ठेलेवाल्याला, पण शाम्पूची पुडी अन् पाण्याची बाटली त्या यादीत नाही. त्यांच्यासाठी ईपीआर आहे, म्हणजे जेवढं पॅकिंग बाजारात टाकलं त्याच्या हिशेबानं कंपनीनं परत गोळा करून प्रक्रिया करवायची, त्याची सर्टिफिकेटं विकत घेता येतात, आणि 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी लाखोंच्या संख्येनं बनावट सर्टिफिकेटं सापडली. ही सर्टिफिकेटं तपासायला कोण पाहिजे? ज्याला केमिस्ट्री कळते आणि नियम वाचता येतो असा माणूस. तुमची पोरगी अर्धी तयार आहे हो.

म्हणून माझं मत सरळ आहे, बीएस्सी सोडायची नाही, मग तीन वर्षांचं एलएलबी करायचं, नागपुरातच होतं, घरी राहून होतं. लॉ नकोच असेल तर एन्व्हायर्नमेंटल सायन्समध्ये एमएस्सी आणि नीरीत, म्हणजे पर्यावरणाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत, प्रोजेक्ट मिळवायची खटपट, नीरी आपल्याच गावात असून आपली पोरं तिकडे फिरकत नाहीत याचा मला राग येतो. पोटाचं खरं सांगते, पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेत सुरुवातीचा पगार बँकेपेक्षा कमीच राहील आणि प्रोजेक्ट संपला की नोकरी पण संपते. पण हातात डिग्री असली तर वकिली आहे, कंपन्यांना पर्यावरणाचे रिपोर्ट करून देणाऱ्या फर्म आहेत, प्रदूषण मंडळाची सरकारी भरती आहे. नुसती कार्यकर्ती म्हणून घरातून निघाली तर यातलं काहीच नाही, हे तिला तुम्ही नका सांगू, मी सांगते, तुमचं ऐकणार नाही ती.

आणि एक, कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेल्या पैशानं टी-शर्ट घालून होणारी सफाई मोहीम म्हणजे तिला हवं ते काम नव्हे. वाईट नाही, पण त्यात कचऱ्यावरचं नाव कोणी वाचत नाही.

केसची भीती रास्त आहे. बदनामीचा दावा होऊ शकतो, म्हणून सवय आत्तापासून लावायची, प्रत्येक फोटोला तारीख आणि जागा, जेवढं मोजलं तेवढंच बोलायचं, "ही कंपनी चोर आहे" असं पोस्ट टाकायचं नाही, "अमुक ठिकाणी एवढी रॅपर सापडली" एवढंच. सरकारी कार्यालयाकडून माहिती पाहिजे तर दहा रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज (आरटीआय) टाकायचा, तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं त्यांना.

क्लासची फी भरून झाली म्हणता तर जाऊ द्या तिला, रीझनिंग, इंग्रजी अन् जीके एलएलबीच्या प्रवेश परीक्षेला, लॉ सीईटीलाही लागतंच. शनिवारी दुपारी दोघं या माझ्याकडे, येताना तिची पहिल्या वर्षाची मार्कशीट आणा.