त्रुबादूरांच्या गाण्यातली बाई : सत्ता खरी की नुसता देखावा?

प्रश्न असा आहे : बाराव्या शतकातल्या दक्षिण फ्रान्सचे त्रुबादूर कवी ज्या उमराव स्त्रियांसाठी एवढे झुरायचे, त्यांच्या हाती खरंच काही होतं, की हा पुरुषांचा आपसातला खेळ?

खेळ होताच. पण ज्या दरबारात तो रंगायचा, तिथली धनीण कधी कधी बाईच असायची. दक्षिण फ्रान्समधल्या नार्बोन शहराची धनीण एर्मेंगार्द घ्या. बाप ११३४ मध्ये फ्रागाच्या लढाईत पडला, तेव्हा ती लहान होती. पुढे तुलूझच्या काउंटने तिच्याशी लग्न लावून नार्बोन घशात घालायचा घाट घातला. आसपासच्या सरदारांनी तो हाणून पाडला. त्यानंतर ११९२ पर्यंत कारभार तिचाच. सरदार तिच्यापुढे निष्ठेची शपथ घेत, निवाडे ती करी, स्पेनमधल्या तोर्तोसाच्या वेढ्यालाही ती गेली होती. बाईने न्यायासनावर बसावं का, अशी कुरकुर झाली, तेव्हा खुद्द फ्रान्सच्या राजाने, सातव्या लुईने, ‘आमच्या राज्यात चालतं’ असं तिला कळवलं. पेर रोजिएर हा कवी तिच्याच दरबारातला. गाण्यात तो तिला टोपणनावाने हाक मारी. अशा बाईपुढे गुडघे टेकून ‘मी तुमचा चाकर’ म्हणणं म्हणजे नुसता अलंकार नव्हे. त्याच दरबारात सरदार खरोखरच तसे गुडघे टेकत होते.

अर्थात सगळ्याच एर्मेंगार्द नव्हत्या. बहुतेकींची लग्नं जमिनीच्या हिशेबाने लागत, आणि गाण्यातली देवी घरी नवऱ्याच्या आज्ञेत असे.

म्हणून मला बायकांनी स्वतः रचलेलं काव्य जास्त मोलाचं वाटतं. वीसेक कवयित्रींची नावं टिकली आहेत. कवयित्री मारिया द व्हेंतादोर्न आणि त्रुबादूर गी द’उसेल यांचं सवाल-जवाबाचं गाणं जरूर वाचा. विषय : प्रेम जुळल्यावर दोघं बरोबरीची का? गी म्हणतो, हो, बरोबरीचीच. मारिया त्याला तिथेच पकडते : हात जोडून, गुडघ्यावर बसून ‘मला चाकरीत घ्या’ म्हणाला होतास ना? मग चाकर म्हणून आत शिरून आता बरोबरी मागणारा दगाबाजच. प्रेयसीने प्रियकराला मित्र मानावं, धनी नव्हे, असं मारियाचं म्हणणं. वकिली मुद्दा आहे, आणि बिनतोड!

दुसरी कवयित्री, दीयाची काउंटेस, हिचा सूर अगदी वेगळा. सोडून गेलेल्या प्रियकराला ती आपलं कूळ, रूप, गुण आणि निष्ठा ऐकवते आणि विचारते, एवढा ताठा कशाचा? दुसऱ्या एका गाण्यात तर तिला तो नवऱ्याच्या जागी हवा आहे. अट एकच, तिच्या मर्जीप्रमाणे वागायचं. गाण्यांत पुरुषाने रंगवलेली बाई बहुतेक गप्प आणि निष्ठुर असते. ही मात्र चिडते, मागते, भांडते.

एक सावधगिरी. या कवयित्रींच्या नावावर जी छोटी चरित्रं छापली जातात, ती बहुतेक तेराव्या शतकात लिहिली गेली, कित्येकदा गाण्यांतूनच कथा काढून. काउंटेसचं रेंबो दोरांज या त्रुबादूरावर प्रेम होतं, हे त्यातलंच. चवीने वाचा, पुरावा म्हणून नको.

कवयित्रींच्या गाण्यांपैकी चाल टिकली ती एकाच गाण्याची, काउंटेसच्या त्या तक्रारीच्या. ते हस्तलिखित पॅरिसमध्ये आहे. स्वर लिहिलेत, लय लिहिलेली नाही. त्यामुळे एकीने संथ विलापासारखं गायलेलं तेच गाणं दुसरीच्या तोंडी ठसक्यात येतं. दोन-तीन जणींचं ऐकून बघा.