सोलापुरातल्या ख्रिस्ती शाळेत तिसरीच्या मिश्र धर्मांच्या वर्गाला बायबलचा तास कसा घ्यावा?

आधी पालकांची लेखी संमती घ्या. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत तिच्याशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. संविधानाचं कलम २८(३) तसं सांगतं. संमती नसलेल्या मुलांना त्या वेळात वाचनाचं काम द्या. वर्गाबाहेर नुसतं उभं करू नका, ती शिक्षाच वाटते.

३० मिनिटांत एकच गोष्ट. हरवलेलं मेंढरू (लूक १५:३-७) घ्या. धनगरांचे कळप आपल्या जिल्ह्यात मुलांनी पाहिलेले असतात. दहा मिनिटं पुस्तक मिटून गोष्ट सांगा, मगच उतारा वाचा. घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी मुलं बायबलच्या जुन्या मराठीत अडकतात, म्हणून तीन-चार अवघड शब्द आधीच फळ्यावर लिहा. मग विचारा: ९९ मेंढरं रानात सोडून एकाच्या शोधात जाणं बरोबर होतं का? इथे अजिबात घाई नको. शिक्षक लगेच तात्पर्य सांगून टाकतात आणि मुलं विचार करायचं थांबतात.

‘ख्रिस्ती लोक मानतात की देव असा शोधत येतो’ असं म्हणा. ‘आपण मानतो’ म्हटलं की बाकीची मुलं परकी होतात. गुण देऊ नका, चित्र काढू द्या.