आई व्यायामाला जायलाच तयार नाही

प्रश्न: माझी आई ८३ वर्षांची आहे. वृद्धाश्रमात गेल्यापासून ती दिवसभर खुर्चीत बसून असते. तिथे व्यायामाचा वर्ग भरतो, पण ‘आता व्यायाम करून मला काय मिळणार?’ म्हणून ती जात नाही. भेटायला गेले की याच विषयावरून आमचं वाजतं. मी आग्रह धरू की सोडून देऊ?

उत्तर: ताई, वर्गाचा आग्रह सोडा, व्यायामाचा नको.

या वयात काही मिळत नाही, हे खरं नाही. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात वृद्ध-निवासातल्या नव्वदीच्या मोजक्या रहिवाशांनी आठ आठवडे मांड्यांच्या स्नायूंचा व्यायाम केला, तर त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मनाचं मात्र इतकं सरळ नसतं. इंग्लंडमधल्या ७८ निवासांच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. त्यात फिजिओथेरपिस्टनं आठवड्यातून दोनदा वर्ग घेऊनही नैराश्याची लक्षणं कमी झाली नव्हती. तेव्हा आईंना वर्गात नेऊन बसवलं की त्यांचा चेहरा खुलेल, असं धरून चालू नका.

मला वाटतं, गाठ दुसरीकडे आहे. उठायचं कधी, आंघोळ कधी, जेवण कधी, सगळं तिथे दुसरेच ठरवतात. ‘मी येणार नाही’ हा कदाचित आईंच्या हातात उरलेला एकमेव निर्णय असेल. १९७६ च्या एका गाजलेल्या प्रयोगात रहिवाशांना लहानसहान निर्णय स्वतः घ्यायला सांगितले, सांभाळायला एक रोपटं दिलं. ज्यांचं सगळं कर्मचारीच करत होते त्यांच्यापेक्षा हे लोक जास्त आनंदी आणि हालते-फिरते दिसले.

म्हणून आईंना विचारा, ‘कुठली गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय करावीशी वाटते?’ रात्री एकटीनं बाथरूमला जाणं असेल, तर त्यासाठी लागतं खुर्चीतून उठण्याचं बळ आणि तोल. फिजिओथेरपिस्टकडून तेवढंच बसवून घ्या: पक्क्या खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, शेजारी कुणीतरी उभं. मदतनिसांनाही सांगा की घाईत हात धरून उठवू नका, आधी त्यांना प्रयत्न करू द्या. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आईंची रोजची हालचाल मदतनिसांच्याच हातात असते. वर्गाला नकार देण्यामागे पडण्याची भीती, गुडघेदुखी, नीट ऐकू न येणं किंवा चारचौघांत लघवी होईल हा संकोचही असू शकतो. आपल्या मुलीलाही हे सांगणं जड जातं. एकांतात, हळूच विचारा.

एका गोष्टीत मात्र ढिलाई नको. दोन आठवडे भूक-झोप बिघडलेली असेल, आवडत्या माणसांतही मन रमत नसेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. नैराश्यावर म्हातारपणीही उपचार होतात. आणि ‘जगून काय करू’ अशी भाषा आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.