बार्शी लाइट रुंद झाली, मग माथेरानची का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. सीएसएमटीहून लातूर एक्स्प्रेस ज्या मार्गाने जाते तिथली जुनी नॅरोगेज (रुळांमधलं अंतर कमी असलेली लाइन) 'नुसती सरकवून' ब्रॉडगेज (नेहमीची रुंद लाइन) करायला एवढी वर्षं का लागली, आणि तसंच नेरळ-माथेरानचं का करत नाहीत.

खरी गोम 'सरकवून' या शब्दात आहे. या कामात रूळ बदलणं हा सगळ्यात सोपा भाग.

बार्शी लाइट म्हणजे हीच जुनी अडीच फुटी नॅरोगेज. तिचं सगळं गणित एका आकड्यावर बेतलेलं होतं : एका आसावर, म्हणजे चाकांची जोडी सांधणाऱ्या दांड्यावर, पाच टन. जीआयपी रेल्वेत (आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी) नोकरीला आलेला इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याचा हा हट्ट. इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), कुठल्याही आसाखाली त्याहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग एक यार्ड लांबीला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलोचा रूळ पुरतो, पूल हलके होतात, भराव अरुंद चालतो आणि लाइन स्वस्तात पडते. त्यासाठी किटसन या इंग्लंडमधल्या कारखान्याकडून एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांची इंजिनं घेतली, म्हणजे वजन चार आसांवर वाटलं जातं. वाघिणी पोलादी पत्र्याच्या, खाली दोन बोग्या (चाकांचे फिरते गाडे) असलेल्या, सुमारे १५ टन मालाच्या. १८९४ मध्ये इंग्लंडात लीड्सजवळ न्यूले इथे छोटी लाइन टाकून हे सगळं चालवून दाखवलं. १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी असा ३४ किमीचा पहिला तुकडा सुरू झाला. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. १९५४ मध्ये कंपनी सरकारने घेतली.

तोट्याची जागा कुर्डुवाडी, कारण तिथे ही लाइन मुंबईच्या ब्रॉडगेजला भेटायची. मुंबईकडे जाणारी कापसाची प्रत्येक गासडी, प्रत्येक पोतं तिथे हमालांनी एका गाडीतून दुसरीत टाकायचं. वेळ जायचा, माल फुटायचा, आणि ट्रक आल्यावर व्यापाऱ्याने हे का सोसावं?

आता रुंदीकरण. ब्रॉडगेजवर मालगाडीच्या आसाखाली २० टनांच्या आसपास भार येतो आणि रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचा लागतो. म्हणजे जुना एकही पूल जसाच्या तसा चालत नाही. भराव रुंद करताना नवी माती जुन्या उतारावर नुसती ओतली तर पहिल्याच पावसात दोन्हींच्या सांध्यातून घसरते. म्हणून उतारात आधी पायऱ्या कापायच्या आणि थर देत, दाबत वर यायचं. त्या पट्ट्यात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, रुळाची पातळी बिघडवते. खडी आणि भराव यांच्यामध्ये चांगल्या मुरमाचा थर हवाच. इथे काटकसर केली की खडी चिखलात रुतते आणि वेगमर्यादेची पाटी कायमची बसते.

त्याहून अवघड वळणं. अडीच फुटी लाइनवर ४० अंशांचं, म्हणजे ४४ मीटर त्रिज्येचं वळण नियमात बसतं. ब्रॉडगेजवर मर्यादा १० अंश, १७५ मीटर. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी मार्ग नव्याने आखावा लागतो. आखायचाच आहे तर जुन्या लाइनने बाजूला टाकलेलं धाराशिव, तेव्हाचं उस्मानाबाद, का सोडा? तो वळसा घेतला, आणि तो शहाणपणाचा होता. लातूर-कुर्डुवाडी काम २००७-०८ मध्ये उरकलं. मिरजेकडचा तुकडा सगळ्यात शेवटी.

फरक किती पडला हे एप्रिल २०१६ मध्ये दिसलं. दुष्काळात मिरजेहून लातूरला याच मार्गाने पाणी नेलं. आधी १० टाकी-वाघिणी, नंतर ५०, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर, म्हणजे एका खेपेत २५ लाख. कॅलथ्रॉपच्या १५ टनी हिशेबाने तेवढ्याच पाण्याला १६७ वाघिणी लागल्या असत्या.

माथेरानची गोष्ट वेगळी. ती लाइन दोन फुटी, १९०७ ची. वळणं १८ मीटरपर्यंत घट्ट, चढ २० फुटांना एक फूट. १७५ मीटरची वळणं त्या डोंगरात बसवायची तर बोगदे आणि पूल एवढे लागतील की ती वेगळीच रेल्वे होईल. शिवाय बोरघाटात ब्रॉडगेजवर ३७ ला १ अशा, म्हणजे याहून सौम्य, चढालाही मागून जादा इंजिनं लावावी लागतात. माथेरानला सुधारणा करायची ती ब्रेक, स्लीपर, दरडी अडवणाऱ्या जाळीच्या भिंती आणि पाण्याचा निचरा यांत. माप आहे तेच बरं.