नळी विकतची, तरी बंदूक हातचीच

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरजवळ राहतो. यजमानांनी इथल्या जुन्या ‘लाँगरायफल’ची, म्हणजे लांब नळीच्या बंदुकीची, हाताने घडवलेली प्रतिकृती एका कारागिराच्या मुलाकडून घेतली. दिवाणखान्यात भिंतीवर लावायची आहे. आता एक ओळखीचे म्हणतात, नळी आणि घोड्याची कळ (ठिणगी पाडून बार उडवणारी यंत्रणा) तयार आणून बसवली आहे, तुम्ही फसलात. खरं का?

उत्तर : नाही हो ताई. तुमच्या लँकेस्टरमधले अठराव्या शतकातले जर्मन-स्विस कारागीरसुद्धा चकमकीची कळ बऱ्याचदा युरोपातून आलेली विकतच घेत. सगळं एकहाती करायचं तर काय करावं लागतं, ते व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला बंदूक-कारागीर वॉलेस गस्लर यांनी १९६० च्या दशकात करून दाखवलं. लोखंडाची पट्टी लाल करून सळईभोवती वळवायची, सांधा ठोकून एकजीव करायचा, आतून भोक साफ करायचं आणि मग एकेक आटा, म्हणजे नळीच्या आतली गोळीला फिरकी देणारी वळणदार खाच, पुन्हा पुन्हा खरवडत कोरायचा. हौसेच्या कारागिराकडून एवढी अपेक्षा धरणं म्हणजे सुताराला झाड का नाही लावलंस विचारण्यासारखं.

हात पाहायचा तो लाकडात. ही नळी चांगली बेचाळीस-चव्वेचाळीस इंच लांब, आणि तिच्याखाली दस्त्याचं लाकूड तोंडापर्यंत गेलेलं असतं. कडेला ते इतकं पातळ राहतं की रंधा जरा जास्त फिरला की संपलं. कळ जिथे लाकडात बसवली आहे, त्या सांध्यावरून नख फिरवा. नख कुठेच अडकलं नाही, मेणाचं लिंपण दिसलं नाही, तर कारागीर पक्का. दस्त्याच्या मेपल लाकडावरचे वाघासारखे पट्टे उजेडात तिरके धरून पाहा : खरे असतील तर गडद पट्टा उजळतो, उजळ पट्टा गडद होतो. रंगवलेले पट्टे ढिम्म राहतात.

(लोक तिला ‘केंटकी रायफल’ म्हणतात. घडली बरीचशी तुमच्याकडे, नाव मिरवलं केंटकीने.)

आता तुम्ही न विचारलेलं. ही ठासणीची बंदूक आहे : तोंडातून दारू, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, ती गजाने तळाशी. बाहेरून भरलेली की रिकामी, काही कळत नाही. खिळा ठोकण्याआधी माहीतगाराकडून तपासून घ्या. तो गज नळीत तळापर्यंत सोडेल, तोंडाशी खूण करेल आणि तोच गज, खूण तोंडाशी जुळवून, बाहेरून नळीला लावून धरेल. टोक कळीजवळच्या बारीक छिद्रापाशी पोचलं तर आत काही नाही.

आमच्या आजोबांची बंदूक कोकणातली, आत आटे नसलेली. छर्रे आणि वर नारळाच्या सोडणाचा बोळा. रानडुकरांसाठी परवान्यावर घेतलेली. ते गेल्यावर ती माजघरात खुंटीला होती, आम्ही पोरं तिच्याखालीच जेवायला बसायचो. पुढे परवान्याचं काम निघालं तेव्हा गावातल्या जाणत्याने गज सोडून पाहिला. तो चार बोटं अलीकडेच थांबला.