‘हात दाखवला होता मी!’

‘मॅडम, हिला रस्त्याचं काही कळतच नाही. कितीदा सांगायचं?’ आठ-नऊ वर्षांच्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. सईची आई (नाव बदललं आहे) मात्र माझ्याकडे समुपदेशनाला आली होती ती मुलीच्या पोटदुखीसाठी. तिसरीतली मुलगी, रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नव्हतं. वर्गात कुणी त्रास देत नव्हतं, बाईही आवडत्या होत्या.

मी सईला घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगितला. घर आणि शाळा कोपऱ्यात चिमुकली, मधला पुण्याचा सिंहगड रस्ता कागदभर! तेव्हा कुठे आईने सांगितलं. थांबलेल्या पीएमपी बसच्या पुढून सई एकदम धावली होती आणि बसला ओलांडून येणाऱ्या दुचाकीने करकचून ब्रेक मारला होता. लागलं नाही, पण तेव्हापासून रोज रस्त्यावर मनगट आवळून ‘मरायचंय का तुला?’ सुरू झालं. सईला गाड्यांपेक्षा त्या प्रश्नाची जास्त भीती वाटत होती.

‘तू तेव्हा काय केलंस?’ मी विचारलं.

‘हात दाखवला होता मी! आजोबा दाखवतात तसा.’

आजोबा एरवी तिला शाळेत सोडतात. सत्तरीचे, उंच, धोतर-टोपीतले. ते हात वर करून चालू लागतात आणि गाड्या खरोखर थांबतात. सईने पाहिलं तेच उचललं. पण बसच्या आड तिचा हात दिसणार कुणाला? ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते; चालकाला मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ती एवढी पुढे आलेली असते. या वयात वेग आणि अंतर यांचा एकत्र अंदाज करणं मुलांना नीट जमत नाही. तो हट्ट नव्हे, ती क्षमता हळूहळू येते. ‘नीट जा’, ‘लक्ष कुठंय?’ यातून नेमकं काय करायचं तेही कळत नाही.

पुढच्या वेळी मी आजोबांना बोलावलं. त्यांना उपदेश करणं मला प्रशस्त वाटेना. म्हटलं, ‘आजोबा, सई तुमच्याकडूनच शिकते. तिच्या उंचीला जमेल असं काही शिकवाल?’ ते म्हणाले, ‘म्हणजे मलाच आधी सिग्नलपर्यंत चालावं लागणार.’ समजूतदार माणूस!

मग ठरलं ते असं. लांब पडलं तरी सिग्नललाच ओलांडायचं. थांबलेल्या बसच्या पुढून किंवा मागून जायचं नाही, बस जाऊ द्यायची. कडेला थांबून उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. आणि उलट्या दिशेने येणारे स्कूटरवाले आपल्याकडे असतातच, म्हणून दुभाजकापाशी पुन्हा दोन्हीकडे. सईने जे दिसतं ते मोठ्याने बोलायचं: ‘लांब टेम्पो आहे, जाऊ दे त्याला.’ आजोबांनी हात धरायचा, पण निर्णय आधी तिच्याकडून ऐकायचा. चुकली तर रस्त्यात ओरडायचं नाही. मागे ओढायचं, बोलणं पलीकडे गेल्यावर. आईला मी आणखी एक सांगितलं. उशीर झाला की ती सईला स्कूटरवर बिनहेल्मेट नेते. चार वर्षांवरच्या मुलांनाही कायद्याने हेल्मेट लागतं, आणि मुलीला ‘सांभाळून’ म्हणताना ते कपाटात ठेवून कसं चालेल?

पोटदुखी हळूहळू ओसरली. आईने जाता जाता विचारलंच, ‘एकटी कधी पाठवू?’ मी वय सांगितलं नाही. पलीकडून मैत्रीण हाका मारतेय, पाऊस पडतोय, घंटा व्हायची वेळ झालीय, आणि तरी ती आपणहून ‘आत्ता नको’ म्हणून कडेला थांबते, असं पुन्हा पुन्हा दिसलं की मग बोलू, म्हटलं. तोवर आजोबा आहेत.